आरशातला टाका

थोरलीला घाईचाच राग होता. घाईत उकळलेला चहा, घाईत पुसलेली फरशी, घाईत जमवलेली लग्नं, सगळं तिच्या लेखी सारखंच टाकाऊ. त्यामुळे धाकटी एका संध्याकाळी विणकामाच्या क्लासवरून आली आणि चपला काढायच्या आधीच सांगायला लागली की एक नवी पद्धत आहे, हातानंच विणायचं पण जुन्या चालीच्या दुप्पट भरभर होतं, तेव्हा थोरलीनं मान वर करायचीही तसदी घेतली नाही. हातातल्या विणकामाची ओळ संपवली आणि विचारलं, "कुठं आग लागलीय?"

दोघी सख्ख्या जावा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोल्यांत दोघींचा सगळा संसार झाला होता, एकच स्वयंपाकघर, एकच गॅलरी आणि भांडायला एकच पाण्याचा नळ. घरातले दोघे भाऊ, म्हणजे या दोघींचे नवरे, असल्या बोलण्याची चाहूल लागली की वर्तमानपत्राच्या आड जायचे आणि जेवणाची हाक आली की बाहेर यायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. मध्ये पडलेल्याचं काय होतं ते त्यांनी तरुणपणीच पाहून घेतलं होतं.

धाकटीनं उभा जन्म दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासण्यात घालवला. दिवसपाळी, रात्रपाळी, सुट्टीच्या दिवशीही हाक आली की पळ. आता कुठं निवृत्त झाली होती आणि लोकरीच्या दुकानावरच्या माडीवर क्लासला जायला लागली होती. थोरली तिला म्हणायची, तुझा हात सुई टोचायला वळलेला, विणायला कसा वळणार? धाकटी हसायची. तिच्या त्या हसण्याचाही थोरलीला राग यायचा, कारण त्यात राग नसायचा.

थोरलीचा हात मात्र नावाजलेला. तिच्या विणीत ओळ शोधून सापडायची नाही, इतकी सारखी. चाल जुनी, तिच्या आईची. प्रत्येक टाक्याला उजवा हात सुई सोडायचा, लोकर उचलायचा, ती टोकावरून फिरवायचा आणि परत सुई धरायचा. एका टाक्यामागं एवढी ये-जा. स्वेटर व्हायला अख्खा हिवाळा लागायचा, कधी कधी तो हिवाळा संपल्यावरच हातात पडायचा, पण पडायचा तेव्हा बघत राहावं असा. धाकटीच्या नव्या पद्धतीत हात हलवायचाच नव्हता. लोकर बोटावर ताणून ठेवायची, सुईच्या टोकानं टिपायची आणि टाक्यातून ओढून काढायची, बस. धाकटीनं ते करून दाखवायला सुया पुढं केल्या तेव्हा थोरली उठून भाजीला फोडणी द्यायला गेली. तिथून ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली की कोंबड्या दाणे टिपतात, माणसं विणतात.

एवढं सगळं नुसत्या हौसेपोटी चाललं असतं तर थोरलीनं नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण मध्ये टिल्लू होता.

टिल्लू हा धाकटीचा मुलगा. नाव लहानपणी पडलं ते चिकटलं, आता दारातून आत येताना त्याला मान खाली घालावी लागायची. थोरलीला स्वतःचं मूलबाळ झालं नाही. धाकटीला झालं, पण तिच्या पाळ्या सांभाळत ते वाढवायला तिला सवड कुठली? मग ते थोरलीनं वाढवलं. त्याचं दूध, त्याची शाळा, त्याचा ताप, त्याची पहिली सायकल आणि त्या सायकलवरून पडून फुटलेला ओठ, सगळं थोरलीनं निस्तरलं. आणि दर हिवाळ्याला त्याच्या अंगात थोरलीनं विणलेला स्वेटर असायचा. गल्लीत त्याला नावच होतं, काकूचा स्वेटर. थंडी पडली की खालचा शिंपी टिल्लूला थांबवून बाहीची शिवण उलटी करून बघायचा आणि वर खिडकीकडं बघून मान डोलवायचा. थोरली खिडकीतच असायची.

आता टिल्लूला डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली होती. वर बारा महिने बर्फ. कोट, बूट, टोपी, सगळं केंद्राकडूनच मिळणार होतं, घरून फक्त आतून घालायला एक जाड लोकरीचा स्वेटर आणायला सांगितला होता. एकच. वर सामान न्यायचं म्हणजे पाठीवरून, त्यामुळे जास्तीचं काही नको, असं त्यानं जेवताना सांगितलं. थोरली मनात रंग ठरवायला लागली होती, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, या वेळचा मी विणते."

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. बोलायचं तरी काय? आई होती ती. आईनं मुलाचा स्वेटर विणते म्हटल्यावर तू कोण विचारणारी, असं कोणी म्हणालं नसतं, पण सगळ्यांच्या मनात आलं असतं. म्हणून थोरलीनं घास गिळला आणि फक्त एवढंच म्हणाली की वेळेत झाला म्हणजे मिळवली. धाकटी उत्साहानं म्हणाली, म्हणून तर ती पद्धत शिकतेय ना.

त्या क्षणी थोरलीला ती पद्धत, तो क्लास, ती माडी आणि ती लोकर विकणारा दुकानदार, सगळे सारखेच डोळ्यांत खुपायला लागले. पोरगा जन्मभर तिच्या विणीत वाढला, आणि आता घर सोडून जाताना अंगात काय घेऊन जाणार? माडीवर शिकलेली कोंबडीची टिपणी? तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिनं गडद निळी लोकर आणली आणि अडगळीच्या खोलीत जुन्या गाद्यांवर बसून गुपचूप टाके घातले. हिशोब सरळ होता. ज्याचा आधी होईल त्याचा स्वेटर डोंगरावर जाईल, आणि पहिल्यांदाच सुया धरणारी धाकटी काय कपाळ वेळेत पुरा करणार?

पण हात ऐकेना. बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती, सकाळी तर मुठीसारखी आखडलेली असायची, आणि त्यात ती जुनी चाल. पोरगा जायची तारीख जवळ येत होती आणि तिचा निळा तुकडा वीतभरही झाला नव्हता. तिकडं धाकटी बैठकीत दिव्याखाली बसून राखी लोकर विणत होती. टाके निसटत होते, ती उसवत होती, पुन्हा विणत होती, जीभ बाहेर काढून शाळेतल्या मुलीसारखी रंगून गेली होती, आणि तरी तिचा तुकडा थोरलीच्या दुप्पट झाला होता.

थोरली संध्याकाळी मुद्दाम धाकटीकडं पाठ करून बसायची. शेंगांची टोपली मांडीवर घ्यायची, स्टूल कपाटाकडं फिरवायचं आणि आपल्याला त्या कामाशी काही देणंघेणं नाही हे पाठीनं सांगायची. कपाटाच्या दाराला उभा आरसा होता. पहिल्या दिवशी तिला त्यात धाकटीचे हात दिसले ते योगायोगानं. दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल थोडं डावीकडं सरकवलं, तो योगायोग नव्हता. हसायला काहीतरी सापडेल म्हणून बघत होती असं ती स्वतःलाच सांगायची. पण तिच्या पुढ्यातल्या शेंगा सोलायच्या राहून जायच्या आणि डोळे त्या बोटावरच्या लोकरीवर असायचे.

शिकव म्हणाली असती तर धाकटीनं आनंदानं शिकवलं असतं, हे थोरलीला माहीत होतं. तेच तर नको होतं. जिला कुकरच्या शिट्ट्या मोजायला आपण शिकवलं, तिच्यापुढं विद्यार्थिनी होऊन बसायचं? त्यापेक्षा बोटं तोडून दिलेली परवडली. म्हणून चोरून शिकायचं ठरलं, आणि चोरीत थोरलीच्या हुशारीनंच तिचा घात केला.

ती लहानपणी आईच्या समोर बसून विणायला शिकली होती. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो, तेव्हा जे दिसतं ते डोक्यात फिरवून घ्यायचं, नाहीतर सगळं उलटं बसेल. हे ज्ञान थोरलीनं जन्मभर जपलं होतं आणि आता ते आरशालाही लावलं. अगं बाई, आरसा म्हणजे काय समोर बसलेली आई आहे? आरशात डावा हात डावीकडंच राहतो. जसं दिसतं तसं घ्यावं, विषय संपला. एखाद्या साध्या बाईनं नुसती नक्कल केली असती तर तिला बरोबर आलं असतं. थोरली पडली शहाणी. धाकटीनं लोकर डाव्या बोटावर घेतली होती, हिनं ती फिरवून उजव्या बोटावर घेतली. धाकटी उजव्या सुईनं टिपत होती, ही डाव्या सुईनं टिपायला लागली.

अडगळीच्या खोलीत तिनं पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा तिला वाटलं, आपल्याला देवानं वेगळंच डोकं दिलंय. झालं असं, की एक ओळ तिनं जुन्या चालीनं विणली. ओळ संपली तेव्हा सगळे टाके उजव्या हातातल्या सुईवर आले. एरवी इथं विणकाम पलटायचं, मागची बाजू पुढं घ्यायची आणि उलट्या टाक्यांची ओळ विणायची. उलटे टाके म्हणजे विणकामातली खरकटी भांडी, घासल्याशिवाय सुटका नाही आणि घासायला कोणालाच आवडत नाहीत. पण थोरलीनं उचललेल्या चालीत टाके उजव्या सुईवरून डाव्या सुईवर जात होते. म्हणजे पलटायचंच नाही. जाताना जुनी चाल, येताना नवी चाल, आणि उलटा टाका एकही नाही. तुकडा तिच्या डोळ्यांसमोर वाढायला लागला.

थोरलीला हसूच आवरेना. आरशात धाकटी दर ओळीला विणकाम पलटत होती, उलटे टाके घालत होती, घामाघूम होत होती. थोरलीनं निष्कर्ष काढला की या बयेला क्लासमध्ये शिकवलेलं अर्धंच कळलंय. इतके पैसे भरून, इतके जिने चढून अर्धंच. आणि आपण शेंगा सोलता सोलता पुरं उचललं. त्या दिवसांत ती धाकटीशी विशेष गोड बोलायची, आणि तिचं गोड बोलणं घरात कोणालाच ओळखीचं नसल्यामुळे दोघे भाऊ एकमेकांकडं बघायचे.

निळी वीण दिसायलाही देखणी होती. प्रत्येक टाका पिळदार, मान वळवून बसल्यासारखा ठाशीव. जुन्या चालीत असा टाका येत नव्हता. जिनं हजारो टाके घातले तिला खरं तर तिथंच शंका यायला हवी होती, हाताला कापड ताठ लागत होतं, ओढलं तर हूं की चूं करत नव्हतं. पण कौतुकाचं भरतं आलं की माणसाची बोटं आंधळी होतात. थोरलीनं मनाशी म्हटलं, नवी पद्धत आहे, वीण घट्ट बसणारच. डोंगरावरचा वारा आत शिरायला नको. टिल्लूचा जुना स्वेटर पसरून त्यावर निळा ठेवून तिनं लांबी-रुंदी बरोबर मापून घेतली. ताणून मात्र एकदाही पाहिला नाही.

पोरगा जायच्या दोन दिवस आधीची दुपार. धाकटीचं राखी अंग तयार होतं, पुढचा भाग, मागचा भाग, खांदे जोडलेले, गळ्याची पट्टीही झालेली, पण बाह्या दोन्ही व्हायच्या होत्या. ती कपाळाला हात लावून बसली होती. टिल्लू तिला समजावत होता की बिनबाह्यांचाही चालेल, वरून कोट असतोच ना. आणि थोरली अडगळीच्या खोलीतून निळा स्वेटर हातावर घेऊन बाहेर आली. पूर्ण. दोन बाह्यांसकट, गळ्यासकट. असू दे म्हणाली, तुझ्या आईचा झाला नाही म्हणून म्हटलं आपला असावा एखादा. हे वाक्य तिनं गाद्यांवर बसून कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं.

 राखी अंग धाकटीनं मांडीवर नीट घडी घालून ठेवलं. टिल्लूनं निळा स्वेटर घेतला, वा काकू म्हणाला, आणि डोक्यात घातला.

हात गेले. कोपरं गेली. डोकं गळ्यापाशी आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं खाली ओढलं, हलेना. वर ओढलं, तेही हलेना. बाह्यांत दंड असे बसले की हात वर ते वरच. मग तो सहा फुटी निळा खांब हात वर करून बैठकीत धडपडायला लागला. स्टुलावर आपटला, दिव्याला डोकं लागलं. वर्तमानपत्रं खाली आली. आतून आवाज यायला लागला, आधी हसत, मग घाबरा होत.

"काकू, अडकलो. काकू, काढ ना मला."

धाकटी त्याच्या अगदी जवळ होती. तिनं स्वेटरची कड दोन्ही हातांनी धरलीही होती. पण दुसऱ्यांदा काकू अशी हाक आली तेव्हा तिचे हात सैल झाले आणि ती बाजूला सरकली, थोरलीला जागा द्यायला.

थोरली पुढं झाली आणि मध्येच थांबली. धाकटीचा चेहरा तिच्या ओळखीचा होता. रडका नव्हता, रुसलेलाही नव्हता. रात्रपाळी संपवून धाकटी घरी यायची तेव्हा पोर थोरलीच्या कुशीत झोपलेलं असायचं, आणि ती दवाखान्याच्या वासाच्या कपड्यांनी दारातच उभी राहून बघायची, तो हा चेहरा. त्या वेळी थोरलीला काय वाटायचं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला बरं वाटायचं. बघ म्हणावं, पोर कोणाचं आणि निजतंय कोणापाशी. इतकी वर्षं तो चेहरा बघून ती सुखानं कूस वळवत आली होती, आणि आता पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली. जिच्या वाट्याला पोराच्या लहानपणातलं उष्टंखरकटंसुद्धा आलं नाही, तिनं एक स्वेटर मागितला होता. एक. आणि त्यासाठी आपण अडगळीत लपून बसलो.

"माझ्या हातात जोर नाही," थोरली म्हणाली. "तू ओढ."

धाकटीनं तिच्याकडं पाहिलं. थोरली तासाभरापूर्वीच एका हातानं पाण्याची घागर उचलून ठेवताना सगळ्यांनी पाहिली होती. पण वाद घालायची वेळ नव्हती. धाकटीनं कड धरली, खाली वाक म्हणून मुलाला दरडावलं आणि एका दमात त्याला सोलून काढलं. कान लालभडक, केस उभे, डोळ्यांत पाणी. समोर आई दिसली तसा तो तिच्या खांद्याला धरून हसत सुटला. थोरली शेंगांची टोपली घेऊन उगीच त्यात हात घालत राहिली. टोपलीत शेंगा नव्हत्या.

मग धाकटीनं तो स्वेटर दिव्याखाली नेला. ताणून पाहिला, गळा ताणून पाहिला, चष्मा लावून टाके पाहिले, जन्मभर काचेवरचं रक्त पाहिलं तसे. म्हणाली, लोकर उलट्या बाजूनं ओढलीय, म्हणून यातल्या प्रत्येक टाक्याला पीळ पडलाय, दोरीसारखं झालंय कापड, हे ताणणार कसं? आणि मग म्हणाली, "ताई, हे कुठं शिकलात?"

 खोटं बोलायला थोरलीकडं काही शिल्लक नव्हतं. तिनं हातानं आरसा दाखवला. धाकटी आरशाकडं बघत राहिली, मग स्टुलाकडं, मग पुन्हा आरशाकडं. आणि कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटायचं की ताई रोज संध्याकाळी आरशातून आपल्याकडं खाऊ की गिळू करून बघतायत. त्या धास्तीनं तिच्या हातून टाके सुटायचे. एकदा तर ती उठून आतच जाऊन बसली होती. सांगता सांगता तिला हसू फुटलं, टिल्लूला फुटलं, दोघे भाऊही हसले, पण थोरलीनं नुसता कटाक्ष टाकला तसे ते दोघे वर्तमानपत्राच्या आड गेले.

"हसून झालं असेल तर समोर बस," थोरली म्हणाली. "बाह्या दोन आहेत. एक तू घे, एक मला शिकव. माझ्या जुन्या चालीनं ती पुढच्या हिवाळ्यात होईल."

धाकटीनं शिकवलं ते प्रयोगशाळेत नव्या पोरींना शिकवत असेल तसं. म्हणजे दयामाया नाही. लोकर या बोटावर, ताई, त्या नाही. सुई खाली घाला, वर नाही. उजवा हात पुन्हा पळाला, आणा परत. थोरलीचा उजवा हात जन्मभराच्या सवयीनं लोकर उचलायला धावायचा आणि तिथं लोकरच नसायची. धाकटी म्हणाली, बांधून ठेवू का हात? ही भाषा, आणि ती थोरलीला. थोरलीनं ओठ घट्ट मिटले आणि ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी समोरासमोर बसल्या त्या जेवायलाही नीट उठल्या नाहीत. भावांनी काय खाल्लं कोणाला ठाऊक. धाकटीची बाही दुपारीच झाली. थोरलीची संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, कोपराशी ढगळ, मनगटाशी आवळलेली आणि मधल्या भागात कुत्र्यानं ओढल्यासारखी. इतकी वाईट वीण तिच्या हातून शाळेत असतानाही झाली नसती. धाकटीनं ती तशीच अंगाला शिवली.

सकाळी टिल्लूला न्यायला गाडी आली. सगळे खाली उतरले. राखी स्वेटर त्याच्या अंगात नीट बसला होता, डोकं सहज गेलं होतं. खालच्या शिंप्यानं दुकानाची फळी अर्धवट उघडली होती ती तशीच सोडून तो बाहेर आला आणि नेहमीसारखी बाहीची शिवण उलटी करून बघायला लागला. मान डोलवायची त्यानं तयारीही केली होती. म्हणाला, या वेळचाही काकूचाच दिसतो. टिल्लू तोंड उघडणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "त्याच्या आईनं विणलाय."

शिंपी ओशाळला. छान आहे, म्हणाला, अंग तर फारच छान आलंय. मग त्याचा हात दुसऱ्या बाहीवर गेला आणि धंद्याची सवय, राहवलं नाही. ही बाही जरा फसलीय हो, म्हणाला.

"शिकतेय ती अजून," थोरली म्हणाली. "जमेल हळूहळू."

धाकटीनं चमकून तिच्याकडं पाहिलं, पण गाडीवाला हॉर्न वाजवत होता. टिल्लू थोरलीला वाकून भेटला, मग आईला. आईनं त्याचा गळा सारखा केला, पट्टी खाली दुमडली, पुन्हा वर केली, पुन्हा दुमडली. थोरलीला एरवी असल्या वेळी पुढं होऊन ते काम हातात घ्यायची सवय होती. ती मागं उभी राहून शिंप्याशी पावसापाण्याचं बोलत राहिली, ते सुद्धा काहीबाही. गाडी वळणापलीकडं गेली तरी धाकटी रस्त्यातच उभी होती.

जिन्यानं वर जाताना दोघी पुढं-मागं होत्या.  दुसऱ्या मजल्यावर धाकटी दम खायला थांबली आणि म्हणाली, "चारचौघांत माझी बाही फसली म्हणून सांगितलंत."

"मग काय, माझी म्हणून सांगू?"

"तुमचीच होती ना पण."

थोरलीनं कठड्याला हात टेकला. गुडघ्यांनी तिला कधीच सोडलं होतं आणि हे लोक जिन्यातच बोलायला लागतात. "एक बाही माझी आहे म्हटलं असतं ना," ती म्हणाली, "तर वरचा दरवाजा उघडेपर्यंत अख्खा स्वेटर माझा झाला असता. ओळखते मी या गल्लीला. चल आता, वर जाऊन चहा टाक. आणि तो उलटा टाका मला अजून कळलेला नाही, तो परत दाखव, पण काल दाखवलास तसा घाईघाईत नको."